विजेच्या शाईचे पान

समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाला एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून देणगी मिळाली आणि तिच्यातून एक ई-रीडर घ्यावा असे ठरले. ई-रीडर म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठी बनवलेले, पाटीसारखे दिसणारे लहानसे यंत्र. त्यात हजारो पुस्तके मावतात, आडवे पडून एका हातात धरून ते वाचता येते, आणि त्यावर क्रिकेटचा सामना पाहता येत नाही, हा शिक्षकांच्या दृष्टीने त्याचा आणखी एक गुण! पण घ्यायचा कोणता?

जगभर ज्यांची नावे घेतली जातात अशा दोन ई-रीडरांची तुलना करून पाहू या. एक आहे अमेझॉन या अमेरिकन कंपनीचा किंडल पेपरव्हाइट. दुसरा कोबो क्लारा बीडब्ल्यू. कोबो ही कंपनी २००९ साली कॅनडात टोरांटो येथे सुरू झाली. पुढे ती राकुतेन या जपानी उद्योगसमूहाने घेतली. (इंग्रजी 'बुक' या शब्दातील अक्षरे रोमन लिपीत लिहा आणि त्यांची जागा बदलून पाहा. 'कोबो' हे नाव कोठून आले ते कळेल.) दोन्ही यंत्रांची २०२४ साली निघालेली रूपे आपण विचारात घेऊ. क्लाराचा पडदा कर्णावर मोजला तर ६ इंच आणि वजन १७४ ग्रॅम. पेपरव्हाइटचा पडदा ७ इंच आणि वजन २११ ग्रॅम. किमती सतत बदलतात, म्हणून त्या बाजूला ठेवू.

पडदा एकाच घरचा

जाहिरातींत दोन्ही कंपन्या आपापल्या पडद्याची तारीफ करतात. गंमत अशी, की दोन्ही पडद्यांमागचे शास्त्र एकच आहे, आणि ते शास्त्र बाजारात आणणारी कंपनीही एकच आहे. तिचे नाव ई इंक, म्हणजे विजेची शाई.

या शाईचा जन्म अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये झाला. जोसेफ जेकबसन या प्राध्यापकांच्या मनात एक पुस्तक होते: पाने तीच, पण त्यांवरचा मजकूर हवा तेव्हा बदलणारा. बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. आल्बर्ट हे दोन विद्यार्थी त्यांच्या मदतीला आले. दोघेही तेव्हा पदवीच्याच वर्गात शिकत होते, हे मुद्दाम लक्षात ठेवा! १९९७ साली कंपनी स्थापन झाली आणि १९९८ साली 'नेचर' या नामवंत शास्त्रीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा पडदा वापरणारा पहिला ई-रीडर सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये विकायला काढला. अमेझॉनचा पहिला किंडल आला तो नोव्हेंबर २००७ मध्ये.

ही शाई काम कशी करते? पडद्यात असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. एकेक कुपी साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही बारीक. प्रत्येक कुपीत स्वच्छ, तेलासारखा द्रव भरलेला असतो आणि त्यात दोन प्रकारचे कण तरंगत असतात. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे. घराला लावायच्या पांढऱ्या रंगातही हाच पदार्थ असतो. काळे कण काजळीच्या जातीचे. पांढऱ्यांवर धन विद्युत्‌भार असतो, काळ्यांवर ऋण.

आता तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला नियम आठवा. विजातीय भार एकमेकांना ओढतात, सजातीय दूर लोटतात. कुप्यांच्या वर आणि खाली विद्युत्‌अग्रे बसवलेली असतात. खालच्या अग्राला धन भार दिला, की पांढरे कण वर ढकलले जातात आणि काळे खाली ओढले जातात. आपल्याला तेथे पांढरा ठिपका दिसतो. भार उलटा केला, की काळे कण वर. काही कण वर आणि काही मध्येच ठेवले, तर राखी छटा. अशा १६ छटा हे पडदे दाखवतात.

द्रवातील भारित कण विजेच्या प्रभावाने सरकतात ही गोष्ट काही नवी नव्हे. मॉस्को येथे रॉयस या शास्त्रज्ञाने १८०७ सालच्या सुमारास पाण्यातील चिकणमातीच्या कणांवर वीज सोडून हे दाखवले होते. दोनशे वर्षांनी त्याच चमत्काराचे पुस्तक झाले.

या रचनेतून दोन फायदे आपोआप मिळतात. पहिला असा, की पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. छापील कागदाप्रमाणे तो खोलीतला किंवा अंगणातला प्रकाश परावर्तित करतो. म्हणून भर दुपारच्या उन्हात मोबाइलवरचे काही दिसेनासे होते, पण ई-रीडरवरील अक्षर अधिकच ठसठशीत दिसते. दुसरा फायदा विजेचा. कण एकदा वर आले, की तेथेच थांबतात. त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. मोबाइलचा पडदा समईसारखा आहे, तेल संपले की उजेड गेला. ई-रीडरचे पान फळ्यावरच्या खडूच्या अक्षरांसारखे आहे. लिहिताना आणि पुसताना श्रम, मधल्या वेळात काही नाही.

तोटाही येथूनच निघतो. कणांना द्रवातून वाट काढायला वेळ लागतो. त्यामुळे पान उलटताना क्षणभर पडदा लुकलुकतो, आणि कधी कधी मागच्या पानाची पुसट सावली राहते. थंडीत द्रव दाट होतो, तेव्हा हा वेळ आणखी थोडा वाढतो. २०२४ च्या पेपरव्हाइटमध्ये पान २५ टक्के जलद उलटते असे अमेझॉन सांगते. पण मुळात पान उलटायला सेकंदापेक्षा कमीच वेळ लागतो. त्याच्या चौथाईसाठी वाचकाने किती आनंदून जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ठिपक्यांचे गणित

दोन्ही कंपन्या सांगतात: दर इंचाला ३०० ठिपके. आपण पडताळून पाहू. क्लाराच्या पडद्यावर रुंदीत १०७२ आणि उंचीत १४४८ ठिपके आहेत. पायथागोरसचा सिद्धान्त लावा. दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की कर्णावरचे ठिपके येतात सुमारे १८०२. त्याला ६ इंचांनी भागा: ३००. पेपरव्हाइटचे आकडे १२६४ आणि १६८० असे आहेत. त्याचे गणित तुम्ही करा. ७ ने भागायला विसरू नका.

३०० हा आकडा कोठून आला? निरोगी डोळ्याला एकमेकांजवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात डोळ्यापाशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन व्हावा लागतो. पुस्तक ३० सेंटिमीटरवर धरले, तर या कोनासमोर येणारे अंतर सुमारे ०.०८७ मिलिमीटर भरते. इंचात ३०० ठिपके म्हणजे एका ठिपक्याची रुंदी ०.०८५ मिलिमीटर. ठिपका नजरेला वेगळा दिसेनासा होतो, बरोबर तेथे ही संख्या येऊन थांबली आहे. पहिल्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके होते. रोमन अक्षरांचे तेवढ्यावर भागत असे. पण आपल्या 'ष्ट्य'सारख्या जोडाक्षराला, वर वेलांटी आणि खाली उकार सांभाळत, तेवढ्या जागेत उभे राहणे जडच जाणार.

तेव्हा पडद्याच्या बाबतीत दोघे बरोबरीत. अंधारात वाचण्यासाठी दोघांतही पानावर एक पातळ पारदर्शक थर आणि कडेला बारीक एलईडी दिवे आहेत. प्रकाश थरात पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे सरकतो आणि वाटेतल्या सूक्ष्म खुणांपाशी खाली पानावर वळतो. मोबाइलचा प्रकाश थेट आपल्या डोळ्यांत येतो. येथे तो आधी पानावर पडतो आणि मग डोळ्यांत येतो. दिव्याचा रंग पांढरा किंवा पिवळसर करण्याची सोय दोन्हीकडे आहे. पाण्याचेही तसेच: दोन्ही यंत्रे २ मीटर खोल गोड्या पाण्यात तासभर तग धरतील असे त्यांच्या कंपन्या सांगतात. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीपाशी बसून वाचायला हरकत नाही.

विद्युत्‌घटाच्या बाबतीत मात्र जाहिरात नीट वाचा. पेपरव्हाइट एकदा भारित केला की १२ आठवडे चालतो असे म्हणतात. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते: रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिवा मध्यम. म्हणजे १२ गुणिले ७ गुणिले अर्धा, एकूण ४२ तास. परीक्षेनंतरच्या सुट्टीत रोज सहा तास वाचणाऱ्या मुलीला तो एक आठवडा पुरेल. हेही थोडे नाही. पण १२ आठवडे निराळे आणि ४२ तास निराळे.

पुस्तक कोणाचे?

यंत्रे जर इतकी सारखी, तर निवड करायची कशावरून? माझ्या मते खरा फरक पडद्याच्या मागे आहे. यंत्रात पुस्तक येते कोठून आणि ते आल्यावर कोणाचे असते, हा तो फरक.

ई-पुस्तक ही संगणकातली एक फाइल असते. ती लिहिण्याची जगन्मान्य पद्धत म्हणजे ईपब. तिचे मानक २००७ साली ठरले आणि ते सर्वांना खुले आहे. कुलूप नसलेली एखादी ईपब फाइल मिळाली, तर संगणकावर तिची प्रत काढा, नावाच्या शेवटी 'ईपब'च्या जागी 'झिप' लिहा आणि उघडा. आत प्रकरणांच्या वेगवेगळ्या फायली, चित्रे, अनुक्रमणिका, सारे काही दिसेल. वेबपाने बांधून केलेले गाठोडेच ते!

कोबोला संगणकाची तार जोडा, ईपब फाइल त्यात टाका, पुस्तक उघडते. किंडलची स्वतःची वेगळी पद्धत आहे. ईपब फाइल तशीच उघडत नाही; ती अमेझॉनच्या सेवेकडे पाठवता येते. तेथे तिचे रूपांतर होऊन ती किंडलवर येते. ही सोय २०२२ पासून आहे आणि फुकट आहे. पण तिला इंटरनेट लागते आणि कंपनीकडे खाते लागते. जेथे इंटरनेट लहरीनुसार येते-जाते, अशा गावातील शाळेने हे ध्यानात घ्यावे.

विकत घेतलेल्या पुस्तकांना बहुधा डिजिटल कुलूप असते. ते किंडलच्या दुकानात असते, तसे कोबोच्या दुकानातील पुष्कळ पुस्तकांनाही असते. कुलूप असलेले पुस्तक आपण मित्राला देऊ शकत नाही आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ते सहसा उघडत नाही. फेब्रुवारी २०२५ पर्यंत किंडलसाठी घेतलेल्या पुस्तकाची फाइल आपल्या संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरता येत असे. अमेझॉनने ती सोय बंद केली.

यात इतके बिघडते काय, असे तुम्ही विचाराल. मग २००९ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत काय झाले ते ऐका. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्या ज्या पुरवठादाराने किंडलच्या दुकानात ठेवल्या होत्या, त्याच्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. हे कळताच अमेझॉनने त्या दुकानातून काढल्या. इतकेच नव्हे, तर ज्यांनी पैसे देऊन त्या घेतल्या होत्या त्यांच्या यंत्रांतूनही दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, पण वाचकांना विचारले कोणीच नाही. एक शाळकरी विद्यार्थी सुट्टीतल्या अभ्यासासाठी '१९८४' वाचत होता. त्याने पानोपानी काढलेली टिपणे पुस्तकाच्या आधाराशिवाय निरर्थक होऊन बसली. त्याने न्यायालयात दावा लावला. अमेझॉनच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे दावा तडजोडीने मिटला. छापील पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री तुमच्या घरात शिरून कपाटातले पुस्तक परत नेले, तर आपण त्याला काय म्हणू?

शिक्षकांसाठी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणजे २०१० अखेर हा हक्क संपला. अशा जुन्या मराठी पुस्तकांचा बराच साठा मराठी विकिस्रोतावर आहे आणि तेथून पुस्तक ईपब रूपात उतरवून घेता येते. त्याला कुलूप नाही आणि एकच प्रत दहा यंत्रांत घालायला बंदी नाही.

'दऱ्या' आणि 'दर्या'

आता सर्वांत महत्त्वाची कसोटी. ती इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही, कारण ती आपल्या लिपीची आहे.

संगणक देवनागरी अक्षरे युनिकोड या पद्धतीने उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी 'क'च्या आधी काढावी लागते. 'क्ष' साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असा. पानावर तिघांचा एक आकार व्हावा लागतो. हे काम यंत्रातला प्रोग्रॅम आणि फॉन्ट मिळून करतात. रोमन लिपीत 'ए'च्या मागे 'बी' ठेवला की झाले. येथे तसे नाही. प्रोग्रॅम अडाणी असेल, तर वेलांटी भलत्या जागी दिसते आणि जोडाक्षरे पाय मोडून पडतात.

मराठीची आणखी एक खोड आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. एकात अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा, दुसऱ्यात डोक्यावर रफार. हिंदीत हा आडवा र लागत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेली व्यवस्था येथे चुकू शकते. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या फॉन्टात ते नसते आणि त्या जागी रिकामा चौकोन येतो. शिवाय बालबोध वळणाचे ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे. ते नसले तरी वाचता येते, पण डोळा अडखळतो.

दोन्ही यंत्रांत स्वतःचा फॉन्ट घालता येतो. तार जोडली की 'फॉन्ट्स' नावाच्या कप्प्यात फॉन्टची फाइल टाकायची. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतो.

पाठ्यपुस्तके वाचता येतील का, हा प्रश्न हमखास येतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. पण पीडीएफ म्हणजे छापील पानाचे छायाचित्रच समजा. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये सारे पानच लहानमोठे होते. ए-४ आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद. क्लाराचा पडदा रुंदीला सुमारे ९१ मिलिमीटर. म्हणजे १२ पॉइंटाचे अक्षर ५ पॉइंटाच्या आसपास आले! पेपरव्हाइटचा पडदा १०७ मिलिमीटर रुंद आहे. त्यावर ते ६ पॉइंट होते. एक इंच मोठ्या पडद्याने येथे सुटका होत नाही. त्यातून रंगीत आकृत्या राखी होतात. पाठ्यपुस्तकासाठी कागदच बरा.

माझे मत विचाराल, तर ग्रंथालयासाठी मी कोबोकडे झुकेन. तेथे अनेक मुले वाचणार, पुस्तके पुष्कळशी खुली असणार, आणि फाइल तारेने सरळ आत जाणे मोलाचे आहे. शिवाय २०२४ मध्ये कोबोने क्लाराच्या दुरुस्तीची मार्गदर्शिका आणि सुटे भाग उपलब्ध करण्याची व्यवस्था जाहीर केली. विद्युत्‌घट थकला म्हणून सारे यंत्र टाकावे लागू नये, हा विचार मला आवडतो. घरी एकट्याने वाचणाऱ्याचे गणित वेगळे. अमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचे दालन उघडले. नवी मराठी ई-पुस्तके विकत घेऊन वाचायची असतील, तर किंडल सोयीचा पडतो. वर सांगितलेली अट मान्य असली म्हणजे झाले.

पण पैसे देण्याआधी एक चाचणी करा. संगणकावर युनिकोडमध्ये एक ओळ लिहा: दऱ्या, दर्या, तऱ्हा, किल्ल्यांतील, कर्तृत्व, वैशिष्ट्ये, वाङ्मय, ॲल्युमिनियम. तिची ईपब फाइल बनवा. ओळखीच्या कोणाकडे ते यंत्र असेल, तर त्यात ती उघडून प्रत्येक शब्द भिंगातून तपासा. अक्षर मोठे करून पाहा, लहान करून पाहा. एखादा शब्द मोडला, तर फॉन्ट बदला आणि पुन्हा पाहा. यंत्र आधीच घेऊन झाले असेल, तर हीच चाचणी पहिल्या दिवशी करा. माल परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पावतीवर लिहिलेले असते.